घरचं लोणी

॥ श्री ॥

बळेपेट, बंगळूर
ता. १० ऑक्टोबर १९६६

चि. नागनाथ यास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, तिकडचं कुशल कळवावं, असं लिहायची रीत म्हणून लिहिलं. तू कळवत नाहीस हे मला ठाऊक आहे. गेल्या दिवाळीपासून तुझी दोन पत्रं आली आणि दोन्हींत मिळून चार ओळी होत्या. लहानपणी तोंड बंद ठेवायला तुला मार द्यावा लागायचा आणि आता बोलता करायला पत्रांवर पत्रं घालावी लागतात.

चंपाचा खोकला थांबला का? तिला म्हणावं, आडुळशाचा काढा घे, डॉक्टरच्या लाल पाण्याच्या नादी लागू नकोस. पोरं शाळेत जातात ना? इथे पितृपंधरवडा चालू आहे. रेशनला तांदूळ असा मिळतो की श्राद्धाच्या पानावर वाढायला लाज वाटते. सासूबाईंना कानांनी आता अगदीच कमी ऐकू येतं, पण तांदळाचा वास बरोबर येतो. पितर उपाशी जातील म्हणून काल दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

तू वैशाखात डब्यात लावून दिलेली शेवंती मात्र अशी फुटली आहे की बघत राहावं. मागीलदारी उन्हात ठेवली आहे. सासूबाई रोज ओंजळभर फुलं काढतात आणि येईल त्याला सांगतात, हे आमच्या सुनेचं माहेर बरं का. तुमच्या न्हाणीच्या भिंतीलगत चंपानं डब्यांची ओळ मांडली आहे ना, ती अजून डोळ्यांपुढे आहे. झेंडू, शेवंती, तुळस. पोरगी हौशी आहे, तुझ्यासारखी रुक्ष नाही.

हो, एक राहिलं. सध्या लोण्याचे डबे पाठवू नकोस. मी कळवीपर्यंत थांब. काळजी करण्यासारखं काही नाही, पण थांब.

आता कारण सांगितलं नाही तर तू नाही नाही ते मनात आणशील, म्हणून सांगते. गौरी यायच्या आधी दुकानात एक माणूस आला. बुशशर्ट, बूट, हातात चामड्याची पिशवी. तुझ्या भावोजींनी गिऱ्हाईक समजून "बन्नी स्वामी" म्हणून स्टूल पुढे केलं. त्यानं तूप मागितलं, पैसे दिले, पावती मागितली आणि मग म्हणाला, मी फूड इन्स्पेक्टर. शेजारच्या शिंप्याला साक्षीला बोलावलं. तुपाचे तीन सारखे भाग केले, तीन बाटल्यांत भरले, बुचावर लाख ओतून मोहोर उठवली. एक बाटली तपासणीला, एक त्याच्यापाशी, एक आम्हाला. मी आतून बघत होते. एखाद्या मुंजीसारखं सगळं रीतसर चाललं होतं. तो गेल्यावर हे आत येऊन म्हणाले, "बघ, सरकारलाही आपलं तूप खावंसं वाटलं."

सासूबाईंना वाटलं, सरकारनं मोहोर करून बाटली दिली म्हणजे काही मान मिळाला. त्यांनी ती देवघरात अन्नपूर्णेच्या शेजारी ठेवली. रोज तिच्यावर शेवंतीचं एक फूल वाहतात. आम्ही हसलो आणि तशीच राहू दिली.

गेल्या आठवड्यात कागद आला. तुपात वनस्पती आहे म्हणतात. केस होणार आहे. गेल्या वर्षापासून कायदा फार कडक केला आहे, पहिल्या गुन्ह्यालाही सहा महिने आत बसवतात. यांनी कृष्णमूर्ती नावाचे वकील केले आहेत. माणूस सज्जन दिसतो, बोलतो हळू, आपल्यासारख्यांना समजेल असं सांगतो. तो म्हणाला, वनस्पतीच्या कारखान्यांना सरकारनं सक्तीच केली आहे की त्यात तिळाचं तेल घालायचं. का, तर कुणी ते तुपात मिसळलं की तपासणीत लाल रंग यावा आणि चोर सापडावा. यांच्या तुपाला लाल रंग आला.

मी ते ऐकलं आणि लगेच म्हटलं, तिळाचंच तेल ना? मग सापडलं. सासूबाईंच्या माहेरी नवं मडकं वापरायला काढताना आतून तिळाच्या तेलानं पुसून तापवतात, तूप झिरपू नये म्हणून. त्या इथेही तसं करत, पण आमच्याकडे आता कित्येक वर्षांत नवं मडकं आलेलं नाही, आम्ही पितळी पातेल्यात कढवतो. तेव्हा तुमच्याकडेच काही झालं असेल. लोणी साठवायच्या नव्या मडक्याला चंपा तिळाचं तेल लावते का? तिला नीट विचार आणि पत्रात स्पष्ट लिही. वकिलांना दाखवता येईल. एवढ्याशा तेलावरून माणसाला गुन्हेगार ठरवतात, काय म्हणावं.

भिऊ नकोस. मी भ्यायले नाही. हे तर अगदी शांत आहेत. दुकान उघडं आहे. नरसिंहराव हेडमास्तर, जे पंधरा वर्षं आमच्याकडूनच तूप नेतात, ते परवा समोरच्या फूटपाथवरून गेले. उन्हामुळे गेले असतील.

उत्तर लगेच पाठव. या वेळी चार ओळी चालणार नाहीत.

धाकट्या भावाला आशीर्वाद लिहून थांबायचं असतं, पण तू आता दोन पोरांचा बाप आणि गावातला मोठा लोणीवाला. तेव्हा मोठ्या माणसांना लिहितात तसं लिहिते, हसू नकोस. कळावे, लोभ असावा.

तुझी
अक्का


॥ श्री ॥

बळेपेट, बंगळूर
ता. १९ नोव्हेंबर १९६६

चि. नागनाथ यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दिवाळीच्या आधीच मिळालं होतं. उत्तर लिहायला उशीर केला, कारण भाऊबीजेला तू येशील आणि समोरासमोर बोलू असं वाटत होतं. पाट मांडला होता. संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला, मग चंद्राला ओवाळलं आणि पाट भिंतीला लावून ठेवला. सासूबाई म्हणाल्या, गाडी चुकली असेल.

दिवाळी झाली म्हणायची. दुकानात गिऱ्हाईक नाही. पेपरात नावं छापून आली, त्यात यांचं होतं. समोरच्या हॉटेलवाल्यानं दुसरीकडून तूप घेणं सुरू केलं. माणूस वाईट नाही, बिचारा येऊन सांगून गेला. "अक्का, तप्पु तिळीबेडी, राग मानू नका, माझं पण हॉटेल आहे." मी म्हटलं, सरी, राग नाही.

आता तुझ्या पत्राचं.

तू लिहिलंस, "होय अक्का, नवी मडकी आम्ही तिळाच्या तेलानेच पुसतो. आईच्या वेळेपासूनची पद्धत आहे, तुला आठवत असेलच."

नागनाथ, मला आठवतं. म्हणूनच इतके दिवस लिहिता आलं नाही.

आई आजारी पडली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्या दिवसापासून लग्न होईपर्यंत त्या घरातलं ताक मी घुसळलं. तू रवीच्या शेजारी उकिडवा बसायचास आणि तळहात पुढे करून ठेवायचास, लोणी वर यायच्या किती तरी आधीपासून. नवं मडकं आलं की आपण ते राखेनं घासायचो, आंबट ताकानं धुवायचो आणि चुलीच्या वैलावर उपडं घालायचो. आपल्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याचं तेल घाण्यावरून यायचं. तिळाचं तेल मी पहिल्यांदा पाहिलं ते लग्न होऊन इथे आल्यावर. पहिल्या दिवशी त्याच्या वासानं मला मळमळलं होतं आणि सासूबाई हसल्या होत्या.

मी तुला विचारलं ते खरंच भाबडेपणानं विचारलं. तू "नाही अक्का, आमच्याकडे तसं करत नाहीत" असं लिहिलं असतंस तर मी दुसरं काही कारण शोधत बसले असते. आणखी महिनाभर तरी बसले असते. तू "होय" लिहिलंस. आणि वर आईचं नाव घातलंस. ती बिचारी जाऊन नऊ वर्षं झाली.

तरी मी ते पत्र वकिलांना दाखवलं. ऐकण्याची हौस होती म्हण. ते म्हणाले, "अम्मा, पुसलेल्या मडक्यानं रंग आला तरी स्वल्प येईल. हे स्वल्प नाही. आणि तुपाचा कस बघायची वेगळी तपासणी असते, तीतही हे कमीच पडलंय." मी पत्र परत घेतलं.

घरी आले, मागीलदारी फुलं काढायला गेले आणि शेवंतीच्या डब्याकडे बघत राहिले. सहा महिने रोज बघते आहे. रंग उडालाय, पण उन्हात तिरपं बघितलं की अक्षरं वाचता येतात. वनस्पती तूप. तुमच्या न्हाणीच्या भिंतीलगतची ओळ आठवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे तसलेच डबे, आणि मी चंपाच्या हौशीचं कौतुक करत होते. ज्या घरातून लोणी बाहेर जातं त्या घरात वनस्पतीचे एवढे डबे रिकामे कसे होतात? सणाचं तळण तळून?

तुझ्या म्हशी चार होत्या, चारच आहेत. तू गावातून लोणी गोळा करतोस हे मला ठाऊक आहे, पण गावात तरी किती जमणार, आणि या दुष्काळाच्या सालात? हे दिवाळीला लिहायचे, आणखी दोन डबे पाठव, आणि दोन डबे येऊन पडायचे. यशवंतपूरच्या स्टेशनावर हे स्वतः उतरवून घ्यायला जात. हमालाच्या डोक्यावरून डबा खाली ठेवताना अगदी मूल ठेवावं तसं ठेवत. आम्हीही कधी विचारलं नाही कुठून आणतोस. विचारायला हवं होतं असं तू म्हणशील, तर म्हण. पण तू यांना एक ओळ लिहू शकला असतास की यंदा जमत नाही. हे रागावले नसते. तुझ्यावर ते कधी रागावले आहेत का?

आता मुख्य गोष्ट. वकील यांना म्हणाले, लोणी ज्याच्याकडून घेतलं त्याचं बिल काढा, माल शुद्ध असल्याची त्याची लेखी हमी दाखवा, तुम्ही मोकळे. हे हसायला लागले. म्हणाले, "बायकोच्या भावाकडून हमी लिहून घ्यायची? कोण घेतं हो?" वकील म्हणाले, "कोर्टात घेतात." मग म्हणाले, निदान नाव सांगा, कोर्ट त्यांना बोलावील. वकिलांनी पुन्हा विचारलं, लोणी कुणाचं? हे म्हणाले, "घरचं."

दुकानाच्या पाटीवर तेच लिहिलं आहे, तुला ठाऊकच आहे. घरच्या लोण्याचं तूप. ती पाटी रंगवली तेव्हा मी यांना म्हटलं होतं, लोणी तर माझ्या माहेरचं, घरचं कसं? तेव्हा हे म्हणाले होते, तुझं माहेर ते काय परकं आहे? मला इतका आनंद झाला होता की मी रंगाऱ्याला चहा दिला.

वकिलांनी आणखी एक सांगितलं. देवघरातली बाटली कलकत्त्याच्या सरकारी प्रयोगशाळेत पाठवायचा अर्ज करता येतो. त्यांचा निकाल वेगळा आला तर इथला रद्द. मी यांना म्हटलं, पाठवा. हे म्हणाले, "कशाला त्या बाटलीला एवढा प्रवास? आईनं मांडली आहे, राहू दे." तेव्हा मला कळलं की यांना माझ्याआधीच कळलं आहे. केव्हापासून ते विचारलं नाही.

नऊ जानेवारीला तारीख आहे. तू ये. कोर्टात उभा राहा आणि लोणी तू दिलंस एवढं सांग. कसं, काय, कुणी मिसळलं, ते तू आणि तुझा देव बघा. तू सांगितल्यावर हे सुटतीलच असं वकील छातीला हात लावून सांगत नाहीत, हमी तर नाहीच. पण खास कारण दिसलं तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, असं म्हणतात. तुझ्यावरही केस होईल, हेही मी लपवत नाही. मी तुला संकटात बोलावते आहे हे मला समजतं. पण ज्या माणसानं तुझं लग्न स्वतःच्या घरच्यासारखं उभं राहून लावून दिलं, तो एकटा त्या पिंजऱ्यात उभा राहणार आहे. त्याच्या शेजारी तू असलास तर मला पुढे काहीही सोसेल.

हे मी यांना न सांगता लिहिते आहे. रागानं लिहिलेलं नाही. राग आला असता तर चंपाला लिहिलं असतं.

पत्राचं उत्तर पाठवू नकोस. तूच ये. सकाळच्या गाडीनं यशवंतपूरला उतर, तिथून आमच्याकडे ये, जेव, मग आपण बरोबर जाऊ. तुझ्यासाठी कडबू करून ठेवीन.

कळावे. लोभ आहेच, तो कुठे जातो.

तुझी
अक्का


॥ श्री ॥

बळेपेट, बंगळूर
ता. १८ जानेवारी १९६७

चि. नागनाथ,

वर चि. लिहिताना हात थांबला होता. मग लिहिलं. तू चिरंजीव व्हावंस असं आईला वाटत होतं आणि तिनं तुला माझ्या हाती दिलं होतं. ते काढून घेणं माझ्या हातात नाही.

सहा महिन्यांची शिक्षा झाली. दंडही झाला. हे नऊ तारखेपासून आत आहेत.

त्या दिवशी हे पहाटेच अंघोळ करून बाहेर पडले. म्हणाले, थोडं काम आहे, तू वकिलांबरोबर थेट कोर्टात ये. मी कडबू केले होते. घरात तुपाचा थेंब ठेवलेला नाही, तेव्हा तसेच कोरडे. तुझं पान वाढून झाकून ठेवलं, वाट बघितली, आणि वेळ झाली तशी निघाले. हे कोर्टाच्या पायरीवर उभे होते. काळा कोट, टोपी, धोतराला इस्त्री. लग्नाला आल्यासारखे दिसत होते.

व्हरांड्यात बाकावर बसले होते मी. तिथून फाटक दिसतं. प्रत्येक येणाऱ्याकडे बघत होते. तुझ्यासारखी चाल असलेला एक माणूस आला तेव्हा मी उठून उभीसुद्धा राहिले. तो टायपिस्ट निघाला.

मग शिपायानं यांचं नाव पुकारलं. तीनदा. लग्नाला चोवीस वर्षं झाली, मी उखाण्याखेरीज ते नाव कधी तोंडातून काढलं नाही आणि तो चपराशी पान चघळत व्हरांडाभर ओरडत होता.

मॅजिस्ट्रेट तरुण होता. वाईट बोलला नाही. त्यानं कन्नडमध्ये विचारलं, लोणी कुठून घेतलं? वकिलांनी यांच्याकडे बघितलं. मीही दारातून बघत होते. यांनी एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मनेदु, स्वामी." घरचं. मॅजिस्ट्रेटनं पुन्हा विचारलं, घरचं म्हणजे तुम्ही स्वतः केलेलं? हे म्हणाले, "हौदु. मनेदे." हो, घरचंच. कारकुनानं लिहून घेतलं. मराठीतला एक शब्द कन्नडमध्ये गेला, तिथून कागदावर इंग्रजीत गेला, आणि त्याचे सहा महिने झाले.

नेताना यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हाती दिला. म्हणाले, "आईला काही सांगू नकोस. नागनाथाकडे लोणी आणायला गेलोय म्हण."

तसंच सांगितलं आहे. त्या रोज विचारतात, अजून कसा आला नाही? मी कानाशी ओरडून सांगते, चार दिवस राहून येतील, आग्रह करतात तिकडे. त्यांना बरं वाटतं. काल म्हणाल्या, तुझा भाऊ लाघवी आहे, लवकर सोडायचा नाही. देवघरातली बाटली तशीच आहे. तिच्यावर फूल रोज पडतं.

संक्रांतीला सासूबाईंनी तीळ निवडायला घेतले आणि सूप माझ्याकडे सरकवलं. माझ्यानं हात लाववेना. डोकं दुखतं म्हणून उठले. या वर्षी तुम्हाला तिळगूळ पाठवलेला नाही, पोरांना सांग टपालात गहाळ झाला.

एवढंच असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. तू घाबरलास, आला नाहीस, असं समजून गप्प बसले असते. माणूस घाबरतो. तू लहानपणापासून घाबरट आहेस, अंधारात परसात जायला मी सोबत लागायची. मी मनात तुझी बाजूही मांडून ठेवली होती. पोरं लहान, चंपा नाजूक, गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

परवा यशवंतपूरचा ज्योतिबा हमाल आला. इतकी वर्षं आपले डबे उतरवणारा तोच. पेपर त्याला वाचता येत नाही, कुणीतरी सांगितलं म्हणून विचारपूस करायला आला. दारातच बसून रडला. मग म्हणाला, "अक्का, त्या दिशी तुमचे तम्मा आलते की. मी बघितलं."

मी म्हटलं, कोण तम्मा? माझा भाऊ?

"तेच की. सकाळच्या गाडीनं उतरले. अण्णा आधीपासनं फलाटावर हुभे होते. दोघं बाकावर बसले स्वल्प वेळ. अण्णांनी त्यांना कॉफी पाजली. मग परतीची गाडी लागली तशी तुमचे तम्मा चढले नि गेले. अण्णांनी खिडकीपाशी जाऊन पोरांसाठी केळी दिली."

मी त्याला पाणी दिलं, तो गेला, आणि मी दुकानाच्या बंद फळीला टेकून बसून राहिले.

काल भेटीचा दिवस होता. मध्ये जाळी असते. हे वाळले आहेत, पण दाढी रोज करतात. मी सरळ विचारलं, नागनाथ आला होता? यांनी आधी इकडची तिकडची विचारपूस केली. आईचा गुडघा कसा आहे, पाटी उतरवलीस का. मग म्हणाले, "तुझं पत्र गेलंय हे मला ठाऊक होतं. तू त्याला बोलावल्याशिवाय राहणार होतीस का? म्हणून मीच स्टेशनावर गेलो. परत जा म्हटलं."

मी म्हटलं, का?

"पोरं लहान आहेत त्याची. एक घर बसलंय, दुसरं कशाला बसवायचं?"

मी विचारलं, आणि तो काय म्हणाला?

हे म्हणाले, "रडला. पाया पडला. मग विचारलं, जाऊ का भावोजी? मी म्हटलं, जा."

मी म्हटलं, किती वेळा विचारलं?

यांना माझा प्रश्न कळला. खाली बघून म्हणाले, "एकदा."

नागनाथ, यांनी परत जा म्हटलं हे खरं आहे. पण तू गेलास. मी बळेपेटेत तुझं पान वाढून बसले होते, स्टेशनावरून घर काही लांब नाही. मला भेटून गेला असतास, दारातून तोंड दाखवलं असतंस. कोर्टात काही न बोलता नुसता मागे उभा राहिला असतास तरी मॅजिस्ट्रेटला काय कळणार होतं? यांना कळलं असतं. त्यांनी मागे वळून पाहिलं तेव्हा मी एकटी होते. निदान "नाही भावोजी, मी थांबतो" असं एकदा म्हणायचं होतंस. यांनी तरीही घालवलंच असतं तुला, मी ओळखते यांना. मग मीसुद्धा काही म्हटलं नसतं. दुसऱ्यांदा विचारलं नाहीस याचंच मला रडू येतं. शिक्षेचं इतकं येत नाही.

शेवंती मी डब्यातून काढून मागीलदारी जमिनीत लावली आहे. जगेल असं वाटतं. डबा धुऊन, वाळवून, ज्योतिबाच्या हाती दिला आहे. त्यानं तो तुझ्या नावावर पार्सलनं चढवला. ज्या गाडीनं तुझं लोणी यायचं त्याच गाडीनं येईल. चंपाच्या ओळीत एक जागा रिकामी राहिली असेल, तिथे ठेवा.

जुलैत हे सुटतील. तोवर पत्र नको, मनिऑर्डर नको, कुणाच्या हाती निरोप नको. सुटल्यावर हे तुला स्वतः लिहितील, मला माहीत आहे, आणि जसं काही झालंच नाही असं लिहितील. पोरांची चौकशी करतील. तेव्हा उत्तर द्यायचं की नाही ते तू ठरव. मी त्यांना अडवणार नाही.

पोरांना आशीर्वाद. चंपालाही. लोभ असावा असं मी गमतीनं लिहायला लागले होते, ते आता लिहीत नाही.

खाली सही करताना तुझी अक्का असं लिहून खोडलं आहे, ते दिसेल. कोर्टात सगळ्यांनी यांचं नाव घेतलं, आता मी का भ्यावं? लोणी घरचं म्हणून ते आत बसले आहेत. तेव्हा मी कुणाच्या घरची हे मलाही लिहायला हवं.

बिंदुमाधवांच्या घरची,
कृष्णाबाई